यूएसबी उपकरण सारखं जोडलं-तुटलं जातंय? आधी ते ‘कधी’ तुटतं ते बघा

संगणकाला माऊस, प्रिंटर, वेबकॅम, एक्स्टर्नल हार्डडिस्क असं काहीबाही जोडलेलं असतं. मधूनच उपकरण काढल्याचा आवाज येतो, क्षणभराने पुन्हा जोडल्याचा येतो, आणि आपण तर हातही लावलेला नसतो. कधी कॉपी होणारी फाइल अर्ध्यात अडकते, कधी ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी पाटी झळकते. रिस्टार्ट केलं की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

अशा वेळी मिळणारा पहिला सल्ला असतो ड्रायव्हर (उपकरण कसं चालवायचं ते संगणकाला सांगणारा प्रोग्रॅम) पुन्हा टाकण्याचा आणि दुसरा विंडोजच नव्याने टाकण्याचा. हे उपाय कधीच करू नयेत असं नाही, पण सुरुवात तिथून करणं म्हणजे वेळ घालवणं. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, साधा वेबकॅम यांचे ड्रायव्हर विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतात आणि ते आपले आपण क्वचितच बिघडतात. शिवाय ड्रायव्हरचाच दोष असेल तर उपकरण सहसा चालतच नाही, किंवा दर वेळी त्याच ठिकाणी अडतं. मनाला येईल तेव्हा तुटणारं आणि आपोआप परत जोडलं जाणारं उपकरण बहुतेक वेळा वेगळंच काही सांगत असतं: वीज कमी पडते आहे, तारेत दोष आहे, किंवा वीज वाचवायला संगणकानेच पोर्ट झोपवला आहे.

या तिघांपैकी कोण, हे उपकरण तुटतं कधी यावरून बऱ्यापैकी कळतं. मोठी फाइल कॉपी होताना तुटतं का? बराच वेळ हात न लावल्यावर? टेबल हललं, तार ओढली गेली की? की संगणक चालू केल्या केल्या दिसतच नाही? एक-दोन दिवस कागदावर वेळ आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते टिपा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे उपाय त्यावरून ठरतात. आणि दुसरं पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) एकदम बदलून प्रश्न सुटला, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि ती खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन सहा महिन्यांनी परत येते.

तुटणारी वस्तू हार्डडिस्क असेल तर काहीही तपासण्याआधी त्यातल्या महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्कमधून खट्-खट् असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर प्रयोग तिथेच थांबवा. तो वीजपुरवठ्याचा असू शकतो, पण मरणाऱ्या डिस्कचाही असतो. आणि ‘डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का?’ असं विंडोजने विचारलं तर कनेक्शन पक्कं झाल्याशिवाय हो म्हणू नका. दुरुस्ती चालू असताना मध्येच तार तुटली तर होत्याचं नव्हतं व्हायला वेळ लागत नाही.

काम वाढलं की तुटतं

नुसतं जोडून ठेवलं तर डिस्क तासन् तास दिसते, पण मोठा फोल्डर कॉपी करायला घेतला की पाच मिनिटांत गायब. वेबकॅम जोडलेला दिसतो, व्हिडिओ सुरू झाला की जातो. हे वीज कमी पडण्याचं लक्षण.

यूएसबी २.० च्या पोर्टने प्रमाणाप्रमाणे ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.० च्या पोर्टने ९००. माऊस किंवा कीबोर्डला यातला थोडासाच भाग लागतो. पण आत फिरणारी तबकडी असलेली एक्स्टर्नल हार्डडिस्क तबकडी फिरवायला सुरुवात करताना काही क्षण १ अँपिअरच्या आसपास खेचू शकते. संगणकाचे बरेच पोर्ट प्रमाणापेक्षा थोडं जास्त देतात म्हणून एरवी निभावतं. जुना लॅपटॉप, पुढच्या पॅनेलचा पोर्ट किंवा मधे हब आला की निभावत नाही.

हबबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरातल्या निम्म्याअधिक तक्रारी तिथेच जन्मतात असं माझं मत आहे. स्वतःचा अडॅप्टर नसलेला, संगणकाच्या एका पोर्टमधून वीज घेणारा हब ती एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो. यूएसबी २.० च्या हिशेबात ५०० पैकी १०० हबने स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेल्या ४०० मधून चार पोर्टांना प्रत्येकी १०० द्यायचे, असा नियम. म्हणजे त्या हबवर माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह ठीक. हार्डडिस्क लावली तर ती नियमाबाहेरच चालते. ती चालते हे नशीब, ती तुटते हे नवल नव्हे.

अडॅप्टरचा हब घेतला म्हणून सुटलो असंही नाही. अडॅप्टरवरचे आकडे वाचा. चार पोर्टांना पूर्ण ९०० मिलिअँपिअर द्यायचे तर ३.६ अँपिअर लागतात, म्हणजे ५ व्होल्टचा १८ वॅटचा अडॅप्टर. हबसोबत १ किंवा २ अँपिअरचा अडॅप्टर आला असेल तर एक डिस्क आणि बाकी किरकोळ वस्तू एवढाच त्याचा जीव समजा. काही स्वस्त हब उलट दिशेने संगणकाकडेही वीज ढकलतात. संगणक बंद करूनही कॅबिनेटवरचा दिवा किंवा कीबोर्डचा दिवा मिणमिणत राहिला, तर तुमचा हब त्या जातीचा असू शकतो. तो वापरातून काढलेला बरा.

तपासायची रीत साधी आहे. हब, एक्स्टेन्शन सगळं बाजूला ठेवून उपकरण थेट कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच, बसवलेले असतात. पुढचे पोर्ट आतून एका तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती तार बारीक असू शकते आणि तिची खाच सैलही असते. मागे लावून तीच मोठी फाइल पुन्हा कॉपी करा. बिनतक्रार झाली तर डिस्क निर्दोष आहे, पुढचा पोर्ट किंवा हब दोषी आहे. मागेही तुटली तर केबल बदलून पुन्हा तीच फाइल. त्यानंतरही तुटली तर उपकरण दुसऱ्या संगणकावर लावून बघा.

‘पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट’ असा संदेश आला असेल तर ती वेगळी पायरी आहे. पोर्टने मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली गेल्याचं पाहून पुरवठा तोडलेला असतो. सगळी उपकरणं काढा, संगणक बंद करा, मुख्य प्लग काही मिनिटं काढून ठेवा, मग एकेक उपकरण लावत जा. उपकरण न लावताही संदेश येत राहिला तर टॉर्चने पोर्टच्या आत बघा: वाकलेली पिन, धातूचा कण, ओलावा. पिन सरळ करायची असेल तर संगणक वीजपुरवठ्यापासून पूर्ण तोडूनच.

केबल: दिसते धड, असते अर्धी

वीज पोर्टमधून पुरेशी निघाली तरी उपकरणापर्यंत पुरेशी पोचतेच असं नाही. वाटेत तारेचा रोध असतो. यूएसबी केबलमधली वीज वाहणारी तार २८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) असेल तर दर मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध पडतो. २ मीटरच्या केबलमध्ये वीज जाते आणि परत येते, म्हणजे ४ मीटर तार, म्हणजे जवळपास ०.८५ ओहम. ५०० मिलिअँपिअरला ०.४ व्होल्टहून थोडे जास्त वाटेतच गेले. डिस्क सुरू होताना १ अँपिअर ओढला गेला तर ०.८५ व्होल्ट, आणि तिच्या तोंडाशी ४.१५ व्होल्ट उरतात. डिस्कमधला सर्किट बोर्ड तेवढ्यावर पुन्हा चालू होऊ पाहतो, संगणकाला वाटतं उपकरण काढून घातलं. तीच केबल २४ गेजची असेल तर ५०० मिलिअँपिअरला जेमतेम ०.१७ व्होल्ट जातात.

गेज कळणार कसं? बऱ्याच केबलींच्या आवरणावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ‘२८एडब्ल्यूजी/१पी’ आणि ‘२४एडब्ल्यूजी/२सी’ अशा धर्तीवर. पहिला आकडा माहिती वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. दोन्हीकडे २८ असेल तर ती केबल आखूडच बरी. छापलेलं काहीच नसेल तर सरळ उपाय: अर्धा मीटरची केबल लावून बघा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवायचा म्हणून दोन केबली एक्स्टेन्शनने जोडल्या असतील तर दोष शोधायला लांब जायची गरज नाही.

काही केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच, त्या फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात. फोन किंवा कॅमेरा चार्ज होतो पण संगणकात दिसत नाही, तर आधी केबल बदला. टाइप-सी केबलींचा गोंधळ याहून मोठा आहे. टोक एकसारखं दिसलं तरी आत काय आहे ते सांगता येत नाही. फोनसोबत येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबली यूएसबी २.० च्या वेगाच्याच असतात, आणि टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर चालेलच याचीही हमी नाही. पोर्टला ती सोय असावी लागते.

टेबल हललं की तुटत असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी, आणि तो छोटाच आहे: मोठी फाइल कॉपी चालू ठेवून केबलचं एकेक टोक हळूच हलवा. तुटली ती केबल टाकून द्या. तिला चिकटपट्टी गुंडाळून ‘या कोनात ठेवली की चालते’ म्हणू नका. केबल बदलूनही पोर्टमध्ये प्लग डुगडुगत असेल तर पोर्टच झिजला आहे.

एक बारकावा निळ्या पोर्टांचा. यूएसबी ३.० च्या प्लगमध्ये जुन्या चार पिना पुढे आणि नव्या पाच आत खोल असतात. प्लग फार सावकाश सरकवला तर जुन्या पिना आधी टेकतात आणि संगणक उपकरणाला यूएसबी २.० समजून मोकळा होतो. डिस्क नेहमीपेक्षा फारच हळू चालत असेल तर प्लग काढून एका दमात घाला.

हात लावला नाही की तुटतं

चहा घेऊन परत आलात आणि हार्डडिस्क दिसेनाशी झाली, माऊस पहिल्या दोन-तीन सेकंदांत हलत नाही, स्पीकरचा पहिला शब्द गिळला जातो. वीज वाचवण्याची व्यवस्था इथे आड येते. विंडोज रिकामे बसलेले यूएसबी पोर्ट झोपवतं, आणि सगळीच उपकरणं त्या झोपेतून नीट उठत नाहीत.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, मग ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’. तिथे ‘यूएसबी सेटिंग्ज’खाली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दाखवलेलाच नसतो. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबीच्या यादीतल्या प्रत्येक ‘रूट हब’च्या (संगणकाच्या आतल्या मूळ हबच्या) प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची, संगणकाला हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. रूट हब एकाहून जास्त असतात, एकच बदलून थांबू नका. कोणतं उपकरण कोणत्या हबखाली आहे ते बघायचं तर ‘व्ह्यू’ मेन्यूमधून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. मला हा विंडोजमधला सर्वांत कमी वापरला जाणारा उपयोगी पर्याय वाटतो. आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर या खुणा पुन्हा तपासा, त्या परत येऊ शकतात.

हार्डडिस्कसाठी त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ हेही बघा. तिथे २० मिनिटं असा आकडा बरेचदा असतो. शून्य टाकलं की तो बंद होतो. काही डिस्क मात्र स्वतःच्या आतल्या प्रोग्रॅमने झोपतात, त्यांच्यावर विंडोजची सेटिंग चालत नाही. त्यांना कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर या सगळ्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते, म्हणून ‘प्लग्ड इन’साठीच बदला.

लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ‘ऑटो ट्यून’ चालवलं असेल तर माऊस अडखळण्याचं कारण तेच. माऊसपुरतं ते मागे घ्या. लिनक्सचा एक मोठा फायदा असा की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी तो मोकळेपणाने दाखवतो. तिथे यूएसबीच्या ओळींत ‘ओव्हर-करंट’ दिसलं तर वीज, आणि ‘एरर उणे ७१’ वारंवार दिसली तर तार, हब किंवा कमी पडणारी वीज, असं समजून पुढे जा.

वायरलेस माऊस अडखळतो, पण तुटत नाही

सेल बदलला, माऊस बदलला, तरी बाण उड्या मारतो. त्याचा इवलासा रिसीव्हर कुठे लावलाय? निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये, हार्डडिस्कच्या शेजारी असेल तर दोष तिथे आहे. यूएसबी ३.० मधून माहिती वाहताना जो रेडिओ गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो, आणि वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक भाग याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. डिस्कवर कॉपी चालू केली की माऊस बिघडतो आणि कॉपी संपली की सुधारतो, अशी खात्री करून घ्या. मग रिसीव्हर एक हात लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शनने डिस्कपासून दूर, टेबलावर आणून ठेवा. दुसरा काही उपाय लागत नाही.

गोंगाटाचाच एक चमत्कारिक भाऊबंद: गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठलं की मॉनिटर क्षणभर काळा होतो. खुर्चीत साठलेली स्थिर वीज उठताना सुटते आणि तिचा झटका मॉनिटरच्या केबलमध्ये शिरतो. लोक याला भूतबाधा समजतात. चांगल्या आवरणाची, आखूड केबल लावली आणि ती खुर्चीपासून लांब नेली की फरक पडतो.

प्रिंटर ‘ऑफलाइन’

प्रिंटर चालू आहे, केबल लागलेली आहे, आणि तरीही विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणतं. यादीत नीट बघा, त्याच नावाचा दुसरा प्रिंटर ‘कॉपी १’ म्हणून बसलेला असतो. साफसफाई करताना तुम्ही प्रिंटरची केबल आधीच्या पोर्टऐवजी शेजारच्या पोर्टमध्ये घातलेली असते. उपकरण स्वतःचा अनुक्रमांक संगणकाला सांगत असेल तर विंडोज त्याला कुठल्याही पोर्टवर ओळखतं. तो सांगत नसेल तर पोर्ट हीच त्याची ओळख धरली जाते, आणि नव्या पोर्टवरचा प्रिंटर नवा मानला जातो. तुमचे सगळे प्रोग्रॅम मात्र जुन्यालाच कागद मागत राहतात.

केबल जुन्या पोर्टमध्ये परत घालणं हा सर्वांत सोपा उपाय. ते शक्य नसेल तर जुन्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर जा. तिथे ‘यूएसबी००१’, ‘यूएसबी००२’ अशी नावं दिसतात. खूण आत्ताच्या पोर्टवर हलवा आणि ‘कॉपी १’ काढून टाका. रांगेत अडकलेली कामं रद्द होत नसतील तर ‘सर्व्हिसेस’मधून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा चालू करा. प्रिंटरच्या केबलला एकच पोर्ट नेमून द्यावा आणि त्यावर रंगीत स्टिकर लावावा, हे मी अगदी गंभीरपणे सुचवतो.

संगणक चालू केला की दिसत नाही, काढून घातलं की दिसतं

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे: विंडोज आपली आतली स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं, ड्रायव्हरांच्या अवस्थेसकट. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून ‘बंद करून चालू केलं तरी जात नाही, पण रिस्टार्टने जातं’ असा अनुभव येतो. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की संगणक खरोखर बंद होतो. त्याने फरक पडला तर पॉवर ऑप्शन्समधल्या ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. संगणक उठायला काही सेकंद जास्त घेईल.

आता ड्रायव्हर

इथपर्यंत येऊनही सुटलं नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेलं उपकरण शोधा आणि त्याचा कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक टॅबलेट यांच्याबाबत हे खरंच घडतं, आणि औषध म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर, कुठल्याशा ‘ड्रायव्हर अपडेटर’चा नव्हे. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ हे शब्द याच्याच सोबत येतात, म्हणजे ‘तू कोण?’ या संगणकाच्या पहिल्याच प्रश्नाला धड उत्तर आलं नाही. ड्रायव्हर त्यानंतर निवडला जातो, म्हणून ४३ वर पुन्हा केबल आणि पोर्टकडेच वळायचं.

ड्रायव्हर बदलायचाच असेल तर ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ लावा. पूर्वी कधीतरी जोडलेल्या उपकरणांच्या फिकट नोंदी दिसतील. त्रास देणाऱ्या उपकरणाच्या सगळ्या नोंदी ‘अनइन्स्टॉल’ करा, उपकरण काढा, रिस्टार्ट करा, मग लावा. माऊस-कीबोर्डच्या नोंदींना हात लावताना दुसरा माऊस हाताशी असू द्या. डेस्कटॉपवर मदरबोर्डच्या कंपनीचा चिपसेट ड्रायव्हर आणि बायोस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) अपडेट हे शेवटचे. काही बोर्डांवर यूएसबी तुटण्याचा दोष बायोस अपडेटनेच गेलेला आहे. बायोस अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची मात्र खात्री हवी.

उपकरण दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने, थेट पोर्टला लावूनही तुटत असेल तर ते उपकरणच गेलं आहे, त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका. याउलट तुमच्या डेस्कटॉपच्या मागच्या सगळ्या पोर्टांवर सगळीच उपकरणं तुटत असतील तर मदरबोर्ड बदलण्याआधी पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसणारं यूएसबीचं कार्ड लावून बघा, शक्यतो संगणकाच्या पॉवर सप्लायमधून वेगळी वायर घेणारं. कार्डवरही तुटलं तर संशयित पॉवर सप्लाय.